फियाटच्या छताखाली

"मंदे, हलू नकोस. हललीस तर सगळं माझ्या टकलावर येईल," दादा म्हणाले.

"मी हलत नाहीये दादा. मला हसू येतंय."

"मग आतल्या आत हस. पोट हललं की हात हलतो."

आम्ही दोघं बापलेक फियाटच्या पोटात उकिडवे बसलो होतो. सीटा काढून ठेवलेल्या, खाली नुसता पत्रा आणि त्यावर पोतं. दादा पुढच्या काचेकडे तोंड करून, मी मागच्या काचेकडे. दोघांचे चारही हात वर, छताच्या चार कोपऱ्यांना दाबून धरलेले. छताला आम्ही नवं मोतिया रंगाचं कापड ताणलं होतं. त्याच्या कडांना सोल्यूशन लावलेलं आणि ते पत्र्याला नीट धरेपर्यंत वीस मिनिटं हात काढायचे नव्हते. दारांच्या कडेनं कपडे वाळत घालायचे चिमटे लावता आले होते, पण कोपऱ्यांत चिमटा बसत नव्हता. तिथं माणसाचाच हात हवा होता.

शनिवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. १९९१ सालचा मे महिना. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि दुसऱ्या दिवशी रविवारी मला बघायला साताऱ्याचे हावळे येणार होते. आठवी खेप. आधीच्या सात जणांनी नको म्हटलं होतं. कुणी वय सांगितलं, कुणी काहीच सांगितलं नाही, पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. माझी उंची पाच फूट नऊ इंच. मी पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आले की समोरची मंडळी आधी ताटलीकडे, मग माझ्याकडे, मग बसल्या बसल्या आणखी वर बघायची. तिथंच सगळं संपायचं.

गाडी डॉक्टर शेवड्यांची. दादा त्यांच्याकडे तीस वर्षं कंपाउंडर होते आणि शेवटची दहा वर्षं खेड्यापाड्यांच्या व्हिजिटला गाडीही तेच चालवायचे. डॉक्टर दवाखाना बंद करून पुण्याला मुलाकडे गेले, तेव्हा किल्ली दादांच्या हातात देऊन म्हणाले होते, "विठ्ठलराव, हिला तुमच्याशिवाय कुणाचं वळण नाही. घेऊन जा." पण आणतो आणतो म्हणता दोन वर्षं ती डॉक्टरांच्या शेडमध्येच उभी राहिली. आणली तेव्हा इंजिन एका दिवसात सुरू झालं. आतली दशा मात्र बघवत नव्हती. छताचं कापड फाटून लोंबत होतं, सीटांमधून काथ्या बाहेर आलेला, स्प्रिंगा वर डोकावत होत्या. पुढच्या सीटखाली उंदरांनी डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या कुरतडून मऊमऊ घरटं केलेलं.

दादांनी ते ओंजळीत धरून बघितलं आणि म्हणाले, "तीस वर्षांत एवढी औषधं कुणी नीट घेतली नव्हती."

हावळ्यांचं पत्र आलं आणि दादांच्या डोक्यानं घेतलं. पाहुण्यांना एस.टी. स्टँडवरून घरी फियाटमधून आणायचं. "एकदा का माणूस चांगल्या सीटवर बसला," ते म्हणाले, "की त्याचा स्वभाव निवळतो. मी पेशंटच्या बाबतीत बघितलंय." हातात आठ दिवस होते. कुशनवाल्याकडे लग्नसराईची गर्दी, तो महिनाभर ढुंकून बघणार नव्हता. मी म्हटलं, "मी करते."

आमचं घराणं शिंप्यांचं. माझ्या आजोबांचं जुनं जड मशीन माळ्यावर होतं. त्यावर ते घोड्यांची खोगिरं शिवायचे म्हणे. आम्ही ते खाली उतरवलं, तेल घातलं आणि तिसऱ्या दिवसापासून मला रात्री झोपेत पायपीन, म्हणजे शिवणीच्या कडेची ती गोल दोरी, दिसायला लागली. मी सीटा उसवून जुन्या खोळींचे तुकडे जमिनीवर पसरले, एकेका तुकड्यावरून कागद कापले, कागदावरून मरून रेक्झिन. कडेला पांढरी पायपीन. काथ्या दादांनी उन्हात वाळवला, पिंजला. स्प्रिंगा त्यांनी सुतळीनं अशा बांधल्या जशा मोडलेल्या हाताला पट्ट्या. मी आयुष्यात ब्लाउज शिवले होते, परकर शिवले होते, शाळेच्या पोरांचे गणवेश शिवले होते. पण अडीच हात रुंदीची सीट एका दमात ताणून खिळ्यांवर अडकवली आणि ती ढोलासारखी टणटण वाजली, तेव्हा मी अंगणात एकटीच नाचले. आई म्हणाली, "सोल्यूशनचा वास डोक्यात गेलाय हिच्या."

रेक्झिन दारांना कमी पडलं. शनिवारी सकाळी आई बाजाराला गेली, तेव्हा दादांची नजर बैठकीतल्या सोफ्यावर पडली. तोही रेक्झिनचा, रंग जवळपास तोच.

"मंदे."

"दादा, नको."

"उद्या पाहुणे आले की वर चादर टाकू. कुणाला कळतंय?"

अर्ध्या तासात सोफ्याचा सांगाडा झाला आणि गाडीची चारही दारं नटली. मग आम्ही छताला भिडलो.

तर अशा अवस्थेत, हात वर, पाय मुरगळलेले, माझ्या केसांना सोल्यूशन, दादांच्या बनियनला भोकं. तेवढ्यात फाटक वाजलं.

"कुणी आहे का घरात?" बाईचा आवाज.

"कोण पाहिजे?" दादा आतूनच ओरडले.

"विठ्ठलराव खटावकर इथंच ना? आम्ही साताऱ्याहून आलोय. हावळे."

मग दादा कुजबुजले, "हावळे उद्या येणार आहेत."

"मग हे कोण?"

"हेही हावळेच."

दादांनी घसा साफ केला. "या, या! आज कसे काय? म्हणजे आनंद आहे! घरात बसा, दार उघडं आहे. मला हात जोडता येत नाहीत, हात वर आहेत."

"वर म्हणजे?" बाई म्हणाल्या. "अहो, आज भुईंजला एक मुलगी बघायची होती, ती तापानं पडली. मग म्हटलं आलोच आहोत या बाजूला, तर तुमचंही आजच उरकून घेऊ."

ह्या शालनबाई, मुलाच्या आई. त्यांच्यामागून खिडकीत दुसरा चेहरा वाकला. साठीची बाई, नऊवारी, मनगटाला पुरुषी घड्याळ, कपाळावर घाम. त्यांनी आत बघितलं आणि डोळे मोठे केले.

"अगं बया! शालन, हे छत ताणतायत!"

"छत?"

"गाडीचं छत गं. आतलं." त्या बाई दार उघडून चक्क अर्ध्या आत आल्या. "कमानीच्या तारा नव्या घातल्या की जुन्याच?"

"जुन्याच," मी म्हटलं. "गंज घासून काढलाय. तारेला कापडाच्या नळ्या शिवल्यात."

"आतून दुहेरी?"

"दुहेरी."

"हं," त्या म्हणाल्या. ह्या मुलाच्या आत्या. सगळे त्यांना गोदाआक्का म्हणायचे. पाचगणीला त्यांच्या पाच जीपा टॅक्सी म्हणून चालत. मालक वारल्यावर त्यांनी स्वतः धंदा हातात घेतला होता, हे पत्रात नव्हतं. ते मला नंतर कळलं.

शालनबाई तोंडाला पदर लावून घराकडे वळल्या. तेवढ्यात छताच्या मधोमध, मागच्या काचेच्या वर, कापडानं हळूच श्वास सोडला आणि ते खाली यायला लागलं.

"दादा, मधलं सुटतंय!"

"माझे दोन्ही हात गुंतलेत!"

बाहेर एक तरुण उभा होता. पांढराशुभ्र शर्ट, इस्त्रीची घडी अजून ताजी. दादांनी मान वळवून त्याला विचारलं, "आपण कोण?"

"मी... मुलगा."

"कुणाचा?"

"म्हणजे बघायला आलेला."

"अरे वा! मग आत या. तो मागचा कोपरा धरा, म्हणजे मंदा मधलं दाबेल."

मुकुंद हावळेनं चपला काढल्या, देवळात शिरावं तसा वाकून आत आला आणि उपड्या बादलीवर बसून माझ्या उजव्या हाताखालचा कोपरा धरला. आता फियाटमध्ये आम्ही तिघं हात वर करून बसलो होतो. गोदाआक्का दाराशी कमरेवर हात ठेवून उभ्या, सर्कस बघायला आल्यासारख्या.

मग मुकुंदनं विचारलं, "आपलं नाव?"

"मंदाकिनी. पत्रिकेत असेल की."

"आहे. पण विचारायची पद्धत आहे."

"मग विचारा."

"शिक्षण?"

"बारावी. आणि शिवणाचा कोर्स."

"उंची?" त्यानं माझ्याकडे बघितलं. "बसल्यावर काही कळत नाही."

"पाच नऊ."

"बाप रे. मी पाच सात."

"मग वरच्या फळीवरचे डबे मी काढीन," मी बोलून गेले आणि जीभ चावली. दादांचे खांदे हलायला लागले.

"दादा, हलू नका!"

मुकुंद हसत होता. मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि पाणी पुसायला हात मोकळा नसल्यामुळे आणखीच. सात बैठकांत मी कुणाला हसताना बघितलं नव्हतं. तिथं मी खाली मान घालून बसायचे आणि प्रश्न मला यायचे. इथं मान वर होती, सगळ्यांचीच, आणि उठून जायची कुणाला सोय नव्हती.

"आता मी विचारू?" मी म्हटलं.

"विचारा की."

"तुम्ही काय काम करता?"

"पाटबंधारे खात्यात आहे. कालव्यांचे नकाशे काढतो."

"मग पाणी तुम्ही सोडता?"

"छे. मी नुसती रेघ काढतो. पाणी दुसरेच सोडतात."

"आणि रेघ चुकली तर?"

"आमच्या साहेबांच्या शेतात जाते," तो म्हणाला आणि दादा इतके हसले की पुढच्या कोपऱ्यातून सोल्यूशनचा एक थेंब त्यांच्या कपाळावर पडला. "शुभशकुन!" दादा म्हणाले. खरं सांगते, मला तो आवडला. केसांना चिकट, तोंडावर काजळी, पायाला मुंग्या. पण इतकी हलकी मी कुठल्याच बैठकीत झाले नव्हते. मला वाटलं, हे छत वाळूच नये.

तेवढ्यात घरातून आईची किंकाळी आली. ती मागच्या दारानं बाजारातून आली होती. बैठकीत अनोळखी बाई, आणि सोफ्याच्या जागी लाकडं.

पाठोपाठ शालनबाई तरातरा बाहेर आल्या. "आक्का, घरात बसायला काही नाही. सोफ्याची नुसती हाडं आहेत! आणि मुकुंदा, तू आत काय करतोयस? बाहेर ये."

"दोन मिनिटं आई, कोपरा धरलाय."

"कसला कोपरा? शर्ट बघ. आज नवा घातलास. कोपरा त्यांचे लोक धरतील."

"आई, सुटेल ते..."

"मुकुंद!"

आवाज काही फार मोठा नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलं. छताकडे बघितलं. "सॉरी हं," तो म्हणाला. "आई बोलावतेय." आणि त्यानं हात काढला.

चिकट कापड सुरकुतत खाली आलं. मी एक हात तिकडे नेला तर मधलं सुटलं, मधलं धरलं तर कोपरा लोंबला. "मंदे!" दादा ओरडले. आणि त्याच क्षणी उलट्या बाजूनं एक घड्याळवाला हात आत आला. गोदाआक्का नऊवारीचा काचा आवळून बादलीवर धप्पकन बसल्या होत्या. त्यांनी दोन बोटांनी कापडाची सुरकुती काठाकडे नेली, अंगठ्यानं कोपरा दाबला, आणि वर दुसरा हात ठेवला.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं."

"बस मग. पंधरा धरू. घाईनं काम केलं की पहिल्या घाटातच कापड लोंबतं."

पंधरा मिनिटं आक्का बोलत होत्या. कुठल्या जीपची सीट कशी फाटली, गिऱ्हाइकांची पोरं काथ्या उपसून एकमेकांना कशी मारतात, साताऱ्याचा कुशनवाला वर्षात दोनदा तोच खिळा तिथंच कसा ठोकतो. मी मधूनमधून खिडकीतून बघत होते. शालनबाई अंगणात ओल्या रुमालानं मुकुंदचा शर्ट पुसत होत्या. तो हात बाजूला धरून उभा होता.

हात धुऊन घरात आलो तर आईनं कमाल केली होती. सोफ्याचे सांगाडे मागे ढकलून तिनं गाडीच्या दोन्ही सीटा बैठकीत मांडल्या होत्या, खाली देवघरातले पाट. पाहुणे मरून रेक्झिनवर बसले. अडचण एवढीच होती की दादांनी स्प्रिंगा जरा जास्तच जोमानं बांधल्या होत्या. शालनबाई एका टोकाला बसल्या, मुकुंद दुसऱ्या टोकाला टेकला आणि त्या चार बोटं वर गेल्या. तो दचकून उठला, त्या खाली आल्या. तो परत बसला.

"मुकुंदा, एकदा काय ते ठरव," आक्का म्हणाल्या. आईला हसू आवरेना. ती पोह्यांवर खोबरं घालायला म्हणून आत पळाली आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

शालनबाई हसल्या नाहीत. पण वाईट वागल्या, असंही नाही. पोहे खाल्ले, आणखी मागितले. माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "हा वास जातो ना?"

"दोन दिवसांत जातो."

"जायला पाहिजे," त्या म्हणाल्या. जाताना आक्कांनी सीट उलटी करून खालची बाजू बघितली, शिवणीवरून नख फिरवलं, परत सरळ केली आणि गेल्या.

रविवारी कुणाला आणायचं नव्हतं. तरी दादांनी सीटा बसवल्या, गाडी पुसली आणि आईला म्हणाले, "शालू नेस."

"कशाला?"

"मागे बसायला."

आई शालू नेसून मागच्या सीटवर मधोमध बसली, मी दादांच्या शेजारी. मेणवलीपर्यंत गेलो आणि आलो. वाटेत दादा विनाकारण हॉर्न वाजवत होते. म्हशींना, सायकलवाल्यांना, रिकाम्या रस्त्याला. प्रत्येक खड्ड्याला आई स्प्रिंगेवरून वर जायची आणि "अहो!" म्हणायची, आणि तिसऱ्या खड्ड्यानंतर ती खड्ड्याची वाटच बघायला लागली. डोक्यावर ते मोतिया छत, कुठं सुरकुती नाही. मी मान मागे टाकून सारखी त्याच्याकडे बघत होते.

"काय बघतेस?" दादांनी विचारलं.

"काही नाही."

बुधवारी सकाळी फाटकाशी एक जीप थांबली. चालवत होत्या स्वतः गोदाआक्का. जीपच्या मागच्या सीटवरून काथ्या इतका बाहेर आला होता की वाटावं आत कुणी दाढीवाला झोपलाय. पण आक्कांनी तिकडे बघितलंही नाही. हातात पिशवी होती. त्या ओसरीवर चढल्या, पिशवीतून नारळ काढला, हळदकुंकवाची पुडी काढली, खण काढला, पाटावर मांडलं.

"शालननं निरोप दिलाय," त्या म्हणाल्या. "मुलगी पसंत आहे. मुकुंदाला तर फारच. आल्यापासून उंचीचं काही बोललेला नाही."

आई मटकन खाली बसली आणि देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. दादा बनियनवर होते, ते उगाचच शर्ट घालायला आत गेले आणि तसेच परत आले.

"एकच म्हणणं आहे तिचं," आक्का पुढे म्हणाल्या. आवाज अगदी सपाट, पाठ केल्यासारखा. "गाडीचं, काथ्याचं, सोल्यूशनचं काम लग्नानंतर नको. शिवायचं तर घरातलं शिवावं. मी निरोप्या आहे, निरोप दिला."

"हो हो, त्यात काय," आई म्हणाली. "ते तर आठ दिवसांचं खूळ होतं."

दादा माझ्याकडे बघत होते.

"आक्का," मी विचारलं, "या अटीवर मुकुंद काय म्हणाले?"

आक्कांनी पदरानं गळा पुसला. "काही म्हणाला नाही."

"काहीच नाही?"

"आईकडे बघितलं. मग पेपर वाचायला घेतला."

मला तो आवडला होता. आत्ता डोळे मिटले असते तर बादलीवर बसून हसणारा तो दिसला असता. आई सात खेपांनंतर पहिल्यांदा ताठ बसली होती. आणि समोर बसलेली बाई त्याची सख्खी आत्या होती, जिच्या पाच जीपांच्या सीटा फाटल्या होत्या. आणि खोटं कशाला बोलू, शनिवारपासून मी त्यांच्या तोंडून ऐकलेल्या एकेका सीटचा कागद मनात कापत होते. नाही म्हटलं की त्याही गेल्या, हे मला दिसत होतं.

"मग माझं नको सांगा," मी म्हटलं.

"मंदे!" आई ओरडली. "अहो, सांगा हिला. आक्का, तुम्ही मनावर घेऊ नका, उन्हाचं डोकं..."

"नको," मी परत म्हटलं. आणि काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं. सात जणांनी मला नको म्हटलं होतं आणि दर वेळी मला वाटायचं, केवढा मोठा विचार करून म्हणत असतील. एवढासा शब्द. तोंडातून बाहेर पडायला काही लागत नाही. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि दोन्हीपैकी काय थांबवावं ते कळत नव्हतं.

"कोपरा सोडला म्हणून?" आक्कांनी विचारलं.

मी चमकले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, दादांना नाही. नीट शब्दांत स्वतःलाही नाही. "तुम्हांला कसं कळलं?"

"मी धरला ना तो," आक्का म्हणाल्या. "बसल्या बसल्या तुझं तोंड दिसत होतं." त्यांनी सुस्कारा सोडला. "वाईट नाही गं तो. माझाच भाचा. पाळण्यातल्या मुलासारखा गोड आहे. पण गोड आहे, एवढंच आहे."

दादा खाली बसले. मग हळूच म्हणाले, "आक्का, आमचा काही अपमानाचा हेतू नाही."

"तो मला समजतो. शालनला मी सांगते. ती दोन महिने बोलायची नाही माझ्याशी. तेवढीच उसंत." त्या उठल्या. आईनं पाटावरचा नारळ उचलून त्यांच्यापुढे धरला.

आक्कांनी नारळाकडे बघितलं. "आणलेला नारळ मी परत नेत नसते. फोडा. वड्या करा." आणि माझ्याकडे वळून, त्याच दमात, "बोल्ट खोलायचे पाने आहेत का घरात? की नुसतंच रेक्झिन कापता येतं?"

"आहेत," मी म्हटलं.

"मग चल. मागची सीट काढायची आहे. संध्याकाळी मला पाचगणीला परत जायचंय, ही पहिली इथं ठेवून एस.टी.नं जाते. जमली तर बाकीच्या चार आणते. नाही जमली तर तुझं तू, माझं मी."

जीपच्या बोल्टांना वर्षानुवर्षांचा गंज. आक्कांनी नऊवारी खोचली, मी ओढणी कमरेला बांधली. दादा रॉकेलची बाटली घेऊन आले आणि प्रत्येक बोल्टवर औषधासारखे मोजून थेंब घालायला लागले. "दर पाच मिनिटांनी तीन थेंब," ते म्हणाले. आक्का म्हणाल्या, "तुम्ही तिकडे बसा विठ्ठलराव, पेशंटला धक्का बसू दे जरा." मी पान्यावर पाय देऊन उभी राहिले. पाच फूट नऊ इंचांचं सगळं वजन त्या एका पान्यावर. पहिला सुटला. दुसरा सुटला. तिसरा तुटलाच. चौथा काही केल्या हलेना.

"एकदम ओढायचं," आक्का म्हणाल्या. "तू तिकडून, मी इकडून. मी म्हटलं की. हं... आता!"

सीट निघाली ती एकदम निघाली. आम्ही दोघी उताण्या अंगणात, अंगावर सीट, काथ्या तोंडात, नाकात, केसांत. कुठून तरी कैरीची जुनी कोय आणि कुणाच्या तरी पोराचा लाल बूट आमच्यावर पडला. आक्का खालून म्हणाल्या, "हा बूट मी दोन वर्षं शोधतेय. त्या पोराच्या आईनं मला सगळ्या स्टँडसमोर चोर म्हटलं होतं!" आणि त्या हसायला लागल्या. मी हसायला लागले. दादा सीट उचलायला आले आणि हसता हसता त्यांनाच उचलता येईना.

आई ओसरीवर आली. तिचे डोळे लाल होते. तिनं आम्हा तिघांकडे एकदा बघून घेतलं, मग खाली उतरली, पदर खोचला आणि सीटची चौथी बाजू धरली.

"उचला आता," ती म्हणाली. "चुलीवरच्या वड्या लागतील खाली."